बोटीचा जनरेटर: आवाज बदलतो, एक्झॉस्ट तापतो, पुन्हापुन्हा बंद पडतो

जनरेटर सुरू होतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं ठीक चालतो. मग आवाज बदलतो, एक्झॉस्टच्या तोंडातून वाफ निघायला लागते आणि थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडतो. गार झाला की पुन्हा सुरू होतो. मालक इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलतो, काही दिवस बरे जातात, आणि परत तेच. तारकर्लीच्या खाडीतली पर्यटकांची बोट असो, मांडवीतली असो, की मुंबई बंदरात नांगर टाकून उभी असलेली याट असो, तक्रार हीच येते. आणि तिच्या जोडीला हमखास दुसरी: आवाज फार येतो, पाहुण्यांना झोप लागत नाही, मोठा सायलेन्सर बसवून द्या.

वर्षानुवर्षं हेच काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकाच बिघाडाच्या असतात. पाण्याच्या एक्झॉस्टमध्ये पाणी हाच अर्धा सायलेन्सर असतो. पाणी कमी पडलं की धूर गरम राहतो, आवाज वाढतो, रबरी पाइप भाजतो, मग सेन्सर इंजिन बंद करतो. म्हणून सायलेन्सरच्या दुकानात जाण्याआधी पाणी मोजा.

खाली लिहिलंय ते साधारण ५ ते २० केव्हीएच्या डिझेल जनरेटरसाठी आहे, ज्यात समुद्राचं पाणी हीट एक्स्चेंजरमधून (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या नळ्यांच्या डब्यातून) फिरून शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं. मासेमारीच्या बोटींवर बऱ्याचदा कोरडा एक्झॉस्ट असतो, त्याबद्दल शेवटी थोडं सांगतो.

लक्षणं

आधी नीट बघून लिहून ठेवा, कारण कुठलं लक्षण कधी येतं यावरून अर्धं निदान होतं.

एक्झॉस्टमधून पाण्याचे हबके येतात, ते निरोगी जनरेटरमध्ये एका लयीत येतात. लय तुटली, हबके बारीक झाले, मधल्या वेळात कोरडा भुंकल्यासारखा आवाज यायला लागला, तर पाणी कमी आहे. वाफ पांढरी असते, पण पांढऱ्या रंगाचं सगळंच वाफ नसतं. वाफ हवेत थोड्या अंतरावर विरते आणि तिला वास नसतो. डोळे चुरचुरवणारा, डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं इंधन. काळा धूर म्हणजे लोड जास्त, हवा कमी किंवा एक्झॉस्ट तुंबलेला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि ती वेगळी कहाणी आहे.

एल्बोच्या (इंजिनाजवळचा धातूचा वाकडा तुकडा, जिथे धुरात पाणी मिसळतं) पुढचा रबरी पाइप हाताला सोसत नसेल, एसीचा कॉम्प्रेसर लागताच इंजिन दबत असेल, बोटीच्या अंगावर एक्झॉस्टखाली काजळीचा पट्टा पडला असेल, बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) काळं पाणी ठिबकत असेल, केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर तेही लिहा.

एक लक्षण मात्र वेगळं काढतो. काही दिवस उभा असलेला जनरेटर सुरू करताना स्टार्टरने एक ठोका दिला आणि इंजिन जागच्या जागी अडकलं, तर पुन्हा बटण दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. त्या बाबतीत खालची कुठलीही तपासणी न करता थेट शेवटच्या भागाकडे जा.

पाण्याला इतकं महत्त्व का

लोडवर चालणाऱ्या छोट्या डिझेल इंजिनातून निघणारा धूर ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. एल्बोमध्ये त्यावर पाणी पडतं आणि तो ५०-६० अंशांवर येतो. तापमान इतकं उतरलं की वायूचं आकारमान निम्म्याहूनही कमी होतं. प्रत्येक स्फोटामागून येणारा धक्का तिथेच मऊ होतो, उरलेला वॉटरलॉकमधलं पाणी गिळतं. वॉटरलॉक म्हणजे एल्बोच्या खाली बसवलेला डबा, जिथे पाणी साठतं आणि धुराच्या दाबाने वर ढकलून बाहेर फेकलं जातं. या साखळीत पाणी निम्म्यावर आलं तर बाकीचे सगळे भाग शाबूत असूनही आवाज आणि उष्णता दोन्ही वाढतात.

फुकटच्या तपासण्या

पहिली बादलीची. बोट उभी असताना, जनरेटरवर नेहमीचा लोड देऊन, एक्झॉस्टच्या तोंडाखाली बादली धरा आणि पूर्ण एक मिनिट पाणी जमा करा. हबक्यांनी येत असल्यामुळे दहा सेकंदांचं माप फसवं निघतं. १० किलोवॉटच्या आसपासच्या संचाला साधारण २० ते ३० लिटर मिनिटाला येतं, पण खरा आकडा तुमच्या मॅन्युअलमधला, आणि त्याहून उपयोगी आकडा तुमच्याच जनरेटरचा सर्व्हिसनंतरचा. तो झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाणी उतरलंय की नाही याचा वाद राहत नाही. बादली धरताना तोंड धुराच्या झोतात आणू नका.

दुसरी सीकॉक आणि स्ट्रेनरची. सीकॉक म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तळाच्या भोकावरचा नळ, स्ट्रेनर म्हणजे त्याच्यापुढची कचरा अडवणारी गाळणी. सीकॉकचा दांडा पूर्ण उघडलाय का बघा, अर्धवट उघडा राहिलेला सीकॉक बाहेरून ओळखू येत नाही. स्ट्रेनरची जाळी काढून धुवा. आमच्या खाड्यांमध्ये ओहोटीला पाणी इतकं उतरतं की उथळ जागी नांगरलेली बोट गाळाच्या जवळ येते आणि पंप चिखल ओढतो. शेवाळ, कोळंबीची पिल्लं, जेलीफिशचे तुकडे, आणि सगळ्यात जास्त प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे जाळीत सापडतात. पावसाळ्यानंतरचे पहिले काही आठवडे जाळी रोज बघावी.

स्ट्रेनर धुतल्यावर झाकणाची रबरी रिंग बघायला बहुतेक जण विसरतात, आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या तक्रारीत मला ती फार वेळा गुन्हेगार सापडली आहे. पंपाच्या आधीच्या बाजूला ओढ असते. तिथे फट असेल तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. थेंबही ठिबकत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. झाकण पारदर्शक असेल तर जनरेटर चालू असताना बॅटरी मारून बघा, बुडबुड्यांची माळ दिसली की सापडलं. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात द्या, चपटी झाली असेल तर बदला.

तिसरी तपासणी तुमच्या हाताची. एल्बोला हात लावायचा नाही, तो भाजेल. त्याच्या पुढच्या रबरी पाइपवर, एल्बोपासून वीतभर अंतरावर, हात टेकवून बघा. कोमट ते गरम चालेल, हात ठेवता आलाच पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, हल्ली ते हजार-दीड हजारात मिळतात आणि या कामात त्यांच्याइतकं उपयोगी स्वस्त हत्यार नाही. पाइपची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा बरीच गरम असेल तर पाणी सगळीकडे पसरत नाही, एल्बोतली काही भोकं बुजली आहेत.

चौथी लोडची. जनरेटर १२ केव्हीएचा आणि रात्रभर त्यावर एक टनाचा एकच एसी, हा प्रकार पर्यटन बोटींवर सर्रास दिसतो. एसी खातो एक-सव्वा किलोवॉट, म्हणजे जनरेटरच्या ताकदीचा आठवा भाग. इतक्या हलक्या लोडवर डिझेल इंजिन नीट तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, आणि त्याची चिकट काजळी एल्बोत, पाइपात, सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांवर बसत जाते. त्या बोटीचा एल्बो तुम्ही दर वर्षी साफ कराल आणि दर वर्षी तो तुंबेल. तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवू नका. तसं चालवावंच लागत असेल तर दिवसातून अर्धा-पाऊण तास गीझर, चार्जर, दुसरा एसी असं सगळं लावून साठ-सत्तर टक्क्यांवर खेचा.

शे-दोनशे ते काही हजारांच्या तपासण्या

इथून पुढे जनरेटर बंद, बॅटरीची वायर काढलेली, इंजिन गार, सीकॉक बंद. रिमोटवर किंवा ऑटो-स्टार्टवर असलेला संच तुमची बोटं पट्ट्यात असताना सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरी काढणं ऐच्छिक नाही.

पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा बघा. गुळगुळीत, चमकणारा पट्टा लोड नसताना चालतो आणि तापल्यावर घसरतो.

मग इम्पेलर. रबरी पाती वाकून तशीच राहिली असतील, बुडाशी चिरा असतील, तर बदला. वर्षातून एकदा तो बदलायचाच, चांगला दिसत असला तरी. एक पाती गायब असेल तर काम तिथे संपत नाही, तिथे सुरू होतं. तुटलेला तुकडा पुढे वाहत जातो आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतो. नवा इम्पेलर टाकून तुकडा तसाच ठेवला तर पाणी कमीच राहतं, आणि मग इम्पेलरच्या कंपनीला शिव्या पडतात. तुटलेली पाती टेबलावर जोडून बघा, सगळे तुकडे जमेपर्यंत शोधत राहा.

पंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ओरखडे खोल पडले असतील तर पंप ओढ धरत नाही. बऱ्याच पंपांचं झाकण उलटून लावता येतं, एका वर्षाची सोय होते. बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन वापरा, साधं ग्रीस रबराला फुगवतं. गॅस्केट मूळ जाडीचंच घाला. जाड पुठ्ठ्याचं कापून घातलं तर इम्पेलर आणि झाकण यांत फट राहते आणि पंप हवा पितो.

इम्पेलर पुन्हापुन्हा जळत असेल तर प्रश्न इम्पेलरचा नाही. तो कोरडा चालतोय. कुणीतरी सीकॉक न उघडता सुरू करतं, किंवा ओहोटीला तळाच्या भोकावर पिशवी बसते. कोरड्यात त्याचं रबर एखाद-दोन मिनिटांत जातं.

पाणी आत येण्याची वाट मोकळी आहे का हे बघायचं तर सीकॉक बंद करून पंपाकडे जाणारा पाइप काढतात आणि सीकॉक क्षणभर उघडतात. पाणी जोरात उसळलं पाहिजे. हे दोघांनी मिळून करा, एकाचा हात सीकॉकवरच राहू दे आणि भोकाच्या मापाचा लाकडी खुंटा शेजारी ठेवा. दांडा घट्ट, हिरवा पडलेला किंवा हलवताना करकरणारा असेल तर हात लावू नका. तो तुटला तर बोट बुडते.

हीट एक्स्चेंजरची दोन्ही टोकं उघडून नळ्यांतून लाकडी किंवा प्लास्टिकची काडी फिरवा, लोखंडी तार नको, तिने नळीला भोक पडतं. जस्ताची पेन्सिल (आतल्या धातूऐवजी स्वतः झिजणारी कांडी) निम्मी झाली असेल तर बदला. तिचे सुटलेले तुकडेही नळ्या बुजवतात, ते टोकाच्या झाकणात साठलेले सापडतात.

आता अँटी-सायफनची झडप, जिला कुणी विचारतच नाही. एल्बोमध्ये पाणी पडण्याची जागा बोटीच्या पाण्याच्या रेषेखाली असेल, किंवा रेषेच्या जेमतेम वीतभर वर असेल, तर जनरेटर बंद झाल्यावर समुद्राचं पाणी सायफनने आत येत राहू शकतं. ते आधी वॉटरलॉक भरतं, मग एल्बो, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडर. ते रोखायला पाइपची कमान रेषेच्या किमान फूटभर वर नेऊन तिथे एक झडप बसवलेली असते, जी बंद झाल्यावर हवा आत घेते. खाऱ्या पाण्याने ती मिठाने चिकटते. उघडी राहून चिकटली तर ठिबकते, त्रास दिसतो. बंद राहून चिकटली तर काहीच दिसत नाही, आणि एका सकाळी इंजिन अडकलेलं सापडतं. दर दोन-तीन महिन्यांनी ती काढून कोमट गोड्या पाण्यात धुवा, आतलं रबर वर्षाला बदला. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या रबरावर लाखोंचं इंजिन टिकून असतं.

याच कारणासाठी: जनरेटर पटकन सुरू होत नसेल तर स्टार्टर मारत बसू नका. प्रत्येक वेळी पंप वॉटरलॉकमध्ये पाणी ढकलतो, आणि ते बाहेर फेकायला धूर नसतो. दोन-तीन प्रयत्नांनंतर सीकॉक बंद करा, वॉटरलॉकचा खालचा बूच काढून पाणी सोडा, मग इंधनाचा दोष शोधा. सुरू झाल्याबरोबर सीकॉक उघडायला विसरू नका.

वेगात धावणाऱ्या बोटींना तळाला पुढे तोंड केलेली पळी लावलेली असते. मुख्य इंजिनासाठी ती ठीक. जनरेटरच्या भोकावर तशी पळी असेल तर बोट धावताना, जनरेटर बंद असताना, पाणी दाबाने पंपातून हळूहळू पुढे सरकतं. जनरेटर फक्त प्रवासानंतरच सुरू व्हायला त्रास देतो, ही त्याची खूण. बोट ओढल्यावर ती पळी बदलून साधी जाळी लावा.

वेळखाऊ तपासण्या: एल्बो, पाइप, सायलेन्सर

पाणी पुरेसं येतंय, तरीही काळा धूर, दबणारं इंजिन आणि वाढलेली उष्णता असेल, तर धुराची वाट अडली आहे. हे मोजता येतं. एल्बोवर किंवा त्याच्या लगेच आधी बहुतेक संचांना एक छोटा बूच असतो. तिथे हातभर तांब्याची नळी लावून पुढे पारदर्शक नळीचा पाण्याने भरलेला यू जोडा. पूर्ण लोडवर दोन बाजूंच्या पाण्यातला फरक बघा. अनेक छोट्या इंजिनांची मर्यादा ३ इंच पारा, म्हणजे साधारण १ मीटर पाणी इतकी असते. अंतिम शब्द मॅन्युअलचा. मर्यादेजवळ आकडा आला की मी एल्बो काढतो.

एल्बो हा या सगळ्या साखळीतला सगळ्यात जास्त सोसणारा तुकडा. एका बाजूने तापलेला धूर, दुसऱ्या बाजूने खारं पाणी, आणि दोघांच्या भेटीच्या जागी मीठ, गंज, काजळी यांचा थर. आतलं भोक निम्मं झालेले एल्बो मी कित्येक काढलेत, आणि बाहेरून ते रंगवलेले, छान दिसत होते. थर खरवडून काढता येतो, पण खरवडल्यावर भिंत किती उरली हे बघा. एल्बोच्या पाण्याच्या बाजूचं एक टोक बंद करून दुसरीकडून सायकलच्या पंपाने हवा द्या आणि बादलीत बुडवा. धुराच्या बाजूने बुडबुडे आले तर तो एल्बो संपला. तसाच लावला तर जनरेटर बंद झाल्यावर पाणी उलटं मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरमधून धूर बाहेर आणणाऱ्या भागात) ओघळतं आणि व्हॉल्व्ह गंजतात. ओतीव एल्बोला वेल्डिंग करून देणारे भेटतील. ते टिकत नाही, आणि फुटतं तेव्हा आतल्या बाजूला फुटतं, म्हणून तुम्हाला कळतही नाही. नवा घ्या. स्टेनलेसचा घेतलात तरी त्याच्या जोडांवर वर्षातून एकदा नजर टाका, तोही तडकतो.

यानंतरची गोष्ट मी प्रत्येक मालकाला दोनदा सांगतो. एक्झॉस्टचा रबरी पाइप बाहेरून टणक, काळा, ठीक दिसतो, आणि आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबत असतो. जनरेटर थंड असताना तो थर भिंतीला चिकटून राहतो. तापला, धुराचा दाब वाढला, की सुटून वाट अडवतो. अर्ध्या तासाने बंद पडणं, गार झाल्यावर पुन्हा ठीक चालणं, हे त्याचं नेमकं लक्षण आहे. सगळं बदलून झालं तरी तक्रार जात नाही तेव्हा हेच निघतं. पाइप एकदा पाण्याशिवाय तापला की त्याच्यावर विश्वास ठेवू नये. काढून आतून बॅटरी मारून बघा, हात घालून थर चाचपा, बोट दाबल्यावर पोकळ लागला तर बदला.

बदलताना बोटीच्या एक्झॉस्टसाठी बनवलेलाच पाइप घ्या, त्यावर एसएई जे२००६ किंवा आयएसओ १३३६३ असं छापलेलं असतं. शेतीचा सक्शन पाइप, घरगुती पीव्हीसी, यांपैकी काहीही चालणार नाही. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि इम्पेलर गेल्यावर तिथे त्याच्या कितीतरी पट उष्णता पोहोचते. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, पूर्ण स्टेनलेसचे. पाइपला वॉटरलॉककडे आणि पुढे बाहेरच्या तोंडाकडे उतार हवा, मीटरला निदान ४ सेंटीमीटर. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साठून दाब वाढतो आणि गुळगुळ आवाज येतो.

वॉटरलॉक प्लास्टिकचा किंवा फायबरचा असेल आणि जनरेटर कधी कोरडा तापला असेल, तर त्याच्या आत शिरणाऱ्या नळीचं टोक आणि समोरची भिंत वितळलेली असू शकते. बाहेरून कळत नाही. पाइप काढून बघा.

सगळं ठीक आहे, तरी आवाज येतो

आता खरा सायलेन्सरचा विषय. आधी आवाज ओळखा.

पाण्यावर पाणी पडल्याचा थपथप आवाज शेजारच्या बोटीला जास्त त्रास देतो. त्यावर उपाय गॅस-वॉटर सेपरेटरचा. तो पाणी आणि धूर वेगळे करतो, पाणी रेषेखालच्या भोकातून गुपचूप जातं, कोरडा धूर बाजूने बाहेर. या कामातला माझा सगळ्यात आवडता उपाय हाच आहे, फरक लगेच ऐकू येतो. पण सेपरेटर पाण्याच्या रेषेच्या वर बसला पाहिजे, त्याचा पाण्याचा पाइप सरळ उतरता हवा, आणि वॉटरलॉकपासून त्याच्यापर्यंतची चढण उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, साधारण मीटर-सव्वा मीटरच्या आत, राहिली पाहिजे. बोटीला रेषेखाली नवं भोक पाडावं लागत असल्याने हे काम बोट ओढल्यावरच, म्हणजे पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत यार्डात गर्दी असते, आधी बोलून ठेवा.

बोटीच्या अंगातून येणारी घुमघुम वेगळी. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमवर सेकंदाला साडेसदतीस स्फोट करतं. इतका खालचा सूर कुठलाही छोटा डबा पूर्ण अडवू शकत नाही. तो कमी होतो ते धातूचा धातूशी असलेला संबंध तोडून. जनरेटरखालचे रबरी पाय दबून, ऑइल पिऊन लगदा झाले असतील तर बदला. एक्झॉस्टचा पाइप लाकडी किंवा फायबरच्या भिंतीतून घट्ट जात असेल तर भोक मोठं करून मध्ये रबर घाला. वॉटरलॉकच्या पट्ट्यांखाली रबराच्या पट्ट्या द्या. हे शे-पाचशे रुपयांचं काम आहे आणि मोठ्या सायलेन्सरपेक्षा केबिनमध्ये जास्त जाणवतं. एवढं करूनही घुमघुम राहिली तर बाहेरच्या तोंडाजवळ दुसरा आडवा सायलेन्सर टाकता येतो, नंतर दाब पुन्हा मोजून.

तोंडाला बारीक पाइप जोडणं, आत जाळी कोंबणं, तोंड पाण्याखाली नेणं, असले उपाय करू नका. आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, कारण इंजिनाचा गळा आवळलेला असतो. दाब वाढतो, व्हॉल्व्ह जळतात, आणि लाटेबरोबर पाणी उलटं आत येतं.

रात्रीच्या आवाजावर मला पटलेला खरा इलाज जनरेटर रात्री न चालवण्याचा आहे. मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून संध्याकाळी दोन तास जनरेटर भरपूर लोडवर चालवायचा, रात्री एसी बॅटरीवर. खर्च मोठा आहे, पण काजळीचा आणि झोपेचा, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

एक्झॉस्टचं तोंड हलवायचं असेल तर धूर कुठे जाईल याचा विचार आवाजाच्या आधी करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि तो हवेपेक्षा जड नाही, त्यामुळे खाली बसून राहत नाही, केबिनभर पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ताकदीने चिकटतो. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, शून्य नसतो. वाऱ्याकडे तोंड करून नांगरलेल्या बोटीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि धूर परत आत खेचला जातो. झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये सीओ अलार्म हवाच. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती एकाच वेळी दोघांना झाली तर बोट लागली असं समजू नका, जनरेटर बंद करून सगळ्यांना डेकवर आणा. मागच्या शिडीवर पोरं पोहत असतील तेव्हा जनरेटर बंदच ठेवा. पेट्रोलचा छोटा जनरेटर तर केबिनच्या दारात कधीच ठेवू नका.

कोरडा एक्झॉस्ट

मासेमारीच्या बोटींवर धुराडं वर नेलेलं असतं. तिथे पाण्याचा प्रश्न नाही, भेगांचा आहे. इंजिन आणि धुराड्यामधला लवचिक बेलो (घड्यांची धातूची नळी) तडकतो, त्याच्या आजूबाजूला काजळीचे ओघळ दिसतात. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वरच्या तोंडाला झाकण हवं. धुराड्यावर गुंडाळलेली जुनी पांढुरकी दोरी अॅस्बेस्टॉसची असू शकते, ती हाताने ओरबाडून काढू नका, तिची धूळ फुफ्फुसात कायमची राहते. नवीन गुंडाळताना फायबरग्लासची पट्टी घ्या, आणि लाकडातून धुराडं जातं तिथे पत्र्याची बाही आणि मोकळी जागा ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ऑइलची काठी काढली आणि ऑइल दुधाळ दिसलं, किंवा पातळी आपोआप वाढली, तर पाणी इंजिनात गेलंय. स्टार्टर अडकला तरी तेच समजा. खारं पाणी बेअरिंगवर तासागणिक गंज चढवतं, म्हणून मेकॅनिक त्याच दिवशी हवा, पुढच्या रविवारी नाही. तोपर्यंत सीकॉक बंद करा, वॉटरलॉक रिकामा करा, बॅटरी काढा. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवणं, ऑइल पुन्हापुन्हा बदलून धुणं, हे अनुभवी हाताचं काम आहे.

सीकॉक बदलणं, रेषेखाली भोक पाडणं, एक्झॉस्टची उंची किंवा वाट बदलणं, हे बोट पाण्यात असताना किंवा अंदाजाने करायचं नाही. प्रवासी बोट असेल तर बदलाआधी सर्व्हेयरशी बोला. सीओ अलार्म वाजला आणि गळती डोळ्यांना सापडली नाही, तर ती सापडेपर्यंत त्या बोटीवर जनरेटर चालवून झोपायचं नाही. आणि पाणी पुरेसं, दाब मर्यादेत, लोड योग्य, तरीही धूर काळा किंवा निळा येत असेल, तर दोष एक्झॉस्टमध्ये नाही, इंजेक्टर किंवा पिस्टनच्या रिंगमध्ये आहे. एक्झॉस्टवर आणखी पैसे घालू नका.

फोन करताना जनरेटरचे तास, बंद पडला तेव्हाचा लोड, किती मिनिटांनी पडला, बादलीचं माप, पाइपचं तापमान, धुराचा रंग आणि ऑइल कसं दिसतं, एवढं सांगा. इम्पेलर आणि एल्बोच्या नंबरचा फोटोही पाठवा, म्हणजे येणारा माणूस सुटे भाग घेऊनच निघेल.